डिस्चार्ज कार्डावर त्या निळ्या रंगाचे नाव लिहा

प्रति,
मा. संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, गोवा. गोवा मेडिकल कौन्सिलचे पदाधिकारी. आणि पत्रादेवीपासून पोळेपर्यंतच्या सरकारी व खाजगी शस्त्रक्रियागृहांत काम करणारे सर्व सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांस

सप्रेम नमस्कार.

मागणी पत्राच्या शेवटी मांडायची रीत आहे. पण तुमच्यापैकी बरेच जण हे दोन रुग्णांच्या मधल्या वेळात वाचणार, म्हणून ती आधीच लिहितो. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या अंगात जो रंग टोचला जातो, ज्याला तुम्ही डाय म्हणता, त्याचे पूर्ण नाव, मात्रा आणि टोचल्याची वेळ भुलीच्या चार्टवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिली जावी. त्या रंगामुळे किंवा त्या दिवशी दिलेल्या कुठल्याही औषधामुळे जबर ॲलर्जी आल्याचा संशय असेल, तर तसे स्पष्ट लिहिलेला कागद रुग्णाच्या हातात पडावा. एवढेच. यासाठी इमारत नको, निविदा नको, भूमिपूजन नको.

मी डॉक्टर नाही. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. तेव्हा औषधोपचार कसे करावेत हे तुम्हाला सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण बाटलीतल्या द्रव्याचे नाव लिहून ठेवावे, हे सांगण्यात माझी उभी नोकरी गेली.

माझी धाकटी बहीण पेडण्यात दिलेली आहे. तिच्या स्तनात गाठ सापडली. लहान होती आणि वेळेत सापडली, म्हणून स्तन न काढता तेवढी गाठच काढायचे ठरले. हॉस्पिटलचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका हॉस्पिटलची नाही. गाठीबरोबरच रोग काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचला आहे का, हेही पाहायचे होते. पूर्वी यासाठी काखेतल्या बहुतेक ग्रंथी सरसकट काढून टाकत. त्यातून रोग कळायचा खरा, पण कित्येक बायकांचा तो हात पुढे कायमचा सुजायचा. जिला विहिरीचे पाणी ओढायचे आहे, नारळ सोलायचे आहेत, काजूच्या बागेत दिवसभर वाकून बिया गोळा करायच्या आहेत, तिच्यासाठी सुजलेला जड हात म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

निळ्या रंगाने यातून वाट काढली. गाठीजवळ किंवा स्तनाग्राच्या भोवती थोडा रंग टोचतात. तो लसिकावाहिन्यांतून काखेकडे सरकतो आणि वाटेवरची पहिली ग्रंथी निळी करतो. सर्जन तेवढीच काढून तपासायला देतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथींना हात लावत नाहीत. अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी आणि आर्मांडो जुलियानो यांनी १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी ही रीत मांडली. जिथे न्यूक्लिअर मेडिसिनची सोय आहे तिथे रंगाच्या जोडीला किरणोत्सारी टेक्नेशियमही वापरतात. जिथे नाही, तिथे बऱ्याचदा निळ्या रंगावरच भिस्त असते. हे सगळे एवढ्यासाठी लिहिले की माझा रंगाला विरोध नाही. कुणी हे पत्र वाचून घाबरून ‘मला रंग टोचू नका’ म्हणून बसले, तर ते मला नको आहे. त्या रंगाने हजारो बायकांचे हात वाचवले आहेत.

बहिणीला भूल दिली, रंग टोचला, शस्त्रक्रिया सुरू झाली. साधारण पाव तासाने तिचा रक्तदाब कोसळला. नाडी पळू लागली, छाती आवळली गेली, ऑक्सिजनचा आकडा खाली आला. हिरवी कापडे बाजूला केली तेव्हा अंगभर गांधी उठलेल्या दिसल्या आणि त्या गांधीही निळसर होत्या. ओटीतल्या, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या, एका सिस्टरनेच हे नंतर सांगितले. भूलतज्ज्ञ बाईंनी ॲड्रेनॅलिन दिले, सलाईनवर सलाईन चढवले, आणि बहीण वाचली. त्या बाईंचे उपकार आमच्या घरातले कुणी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी आयसीयूत लघवीच्या पिशवीत हिरवागार रंग पाहून भाचा हादरला होता. तो रंग शरीराबाहेर पडतोय, त्यात काळजीचे काही नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी समजावले. तेही बरोबरच होते.

मग कार्ड मिळाले. इंग्रजीत टाईप केलेले. शस्त्रक्रियेचे नाव, पॅथॉलॉजीचा निष्कर्ष, गोळ्यांची यादी. त्या सगळ्या प्रसंगाबद्दल तीनच शब्द होते: ‘इन्ट्राऑपरेटिव्ह हायपोटेन्शन, मॅनेज्ड.’ म्हणजे शस्त्रक्रियेत रक्तदाब उतरला, सांभाळला. ॲलर्जीच्या रकान्यात ‘नॉट नोन’. बाकी कुठेही निळा, हिरवा, कसलाच रंग नाही.

आता तिच्या पित्ताशयात खडे झाले आहेत आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी व्हायची आहे. तिथल्या भूलतज्ज्ञांनी मागची हकीकत ऐकली आणि पेन खाली ठेवले. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘रिॲक्शन कशाची होती?’ आम्ही म्हटले, ‘निळ्या डायची, असे कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणाले.’ ते म्हणाले, ‘कुणीतरी म्हणाले यावर मी भूल देऊ शकत नाही.’ त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

कारण त्या अर्ध्या तासात बहिणीच्या अंगात एकटा रंग गेला नव्हता. प्रतिजैविक गेले होते, स्नायू सैल करणारे औषध गेले होते, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावले होते, आणि लॅटेक्सचे हातमोजे होतेच. यांतला कुणीही आरोपी असू शकतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने भुलीदरम्यान येणाऱ्या जबर ॲलर्जींची देशभर वर्षभर पाहणी करून २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. २६६ प्रकरणे तपासली गेली. ज्यांत कारण सापडले त्यांत ४७ टक्के वेळा प्रतिजैविक, ३३ टक्के वेळा स्नायू सैल करणारी औषधे, ९ टक्के वेळा क्लोरहेक्सिडिन आणि ४.५ टक्के वेळा पेटंट ब्ल्यू हा रंग होता. ४.५ हा आकडा लहान दिसतो, पण हा रंग टोचून घेणारे रुग्णही मुळात थोडेच असतात. त्या थोड्यांत हिशेब केला तर एक लाख जणांमागे सुमारे १५ जणांना जबर रिॲक्शन, असे प्रमाण निघाले. एकूण भुलींत हेच प्रमाण दहा हजारांत साधारण एक, म्हणजे लाखात दहा होते. त्याआधी २०१० मध्ये ब्रिटनमधल्याच ७,९१७ स्तन-कर्करोगी रुग्णांची माहिती छापली गेली होती. त्यांत ७२ जणांना या रंगाचा कसला ना कसला त्रास झाला, आणि पाच जणांना जबर.

म्हणजे हे क्वचित घडते. पण ज्या घरात घडले, त्या घराला पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी त्याचे उत्तर लागते. आरोपी रंग असेल तर पुढचे सोपे आहे. पित्ताशय काढायला तो रंग लागतच नाही, टाळला की झाले. पण आरोपी स्नायू सैल करणारे औषध असेल, तर पूर्ण भुलीच्या प्रत्येक वेळी धोका तिच्या शिरेपाशी उभा आहे, आणि एकाची ॲलर्जी असली की त्याच गटातल्या दुसऱ्याचीही असण्याची शक्यता तपासावी लागते. प्रतिजैविक असेल तर उद्या साध्या तापात गावच्या दवाखान्यातसुद्धा घात होऊ शकतो.

बरे, ‘निळा डाय’ हे तरी नाव आहे का? आम्ही रीतसर अर्ज करून फाइलची प्रत मागितली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. हॉस्पिटलने विनातक्रार दिल्या, हे नमूद करतो. भुलीच्या चार्टवर प्रत्येक औषध मिनिटासकट होते. रंग नव्हता. सर्जनच्या टिपणात ‘ब्ल्यू डाय इंजेक्टेड’ एवढेच. कोणता, किती, किती वाजता, काही नाही.

इथे मला शाळेतली प्रयोगशाळा आठवल्याखेरीज राहवत नाही. लेबल नसलेल्या बाटलीत निळे पाणी दिसले तर आम्ही ती मोरीत ओतून टाकायचो, मुलांच्या हातात देत नव्हतो. निळा हा गुण झाला. त्या गुणाची निदान तीन वेगवेगळी द्रव्ये शस्त्रक्रियागृहात असू शकतात. पेटंट ब्ल्यू आणि आयसोसल्फान ब्ल्यू ही एका कुळातली भावंडे, ट्रायअरिलमिथेन या कुळातली. तोंड आले की किंवा जखमेला आपण जे जांभळे औषध लावत आलो, ते जेन्शियन व्हायोलेट याच कुळातले. मेथिलिन ब्ल्यू मात्र वेगळ्या घराण्यातला. तो १८७६ साली तयार झाला, स्वस्त आहे आणि आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी तोच वापरतात. जबर ॲलर्जी मेथिलिन ब्ल्यूने त्या दोघांच्या मानाने कमी वेळा येते. पण तो त्वचेच्या अगदी वरच्या थरात टोचला गेला तर तिथली कातडी मरू शकते. शिवाय एस्सिटॅलोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर शिरेतून दिलेला मेथिलिन ब्ल्यू मेंदूत सेरोटोनिन हे रसायन वाढवून वेगळेच संकट उभे करू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला आहे. कर्करोगाचे निदान झाल्यावर झोप उडालेल्या किती बायका अशा गोळ्या घेत असतील, याचा तुम्हीच विचार करा. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्यालाही तो चालत नाही. म्हणजे एकाच निळाईच्या पोटात धोके वेगळे, खबरदारी वेगळी, पुढच्या वेळचा पर्यायही वेगळा. त्वचाचाचणी करणाऱ्या तज्ज्ञालाही नाव हवे असते, कारण पेटंट ब्ल्यूला प्रतिसाद देणाऱ्या काही जणांची त्वचा मेथिलिन ब्ल्यूलाही प्रतिसाद देते.

लोक मला विचारतात, आयुष्यात कधी न टोचलेल्या रंगाची ॲलर्जी पहिल्याच वेळी कशी? या कुळातले रंग कापडात, शाईत, कागदात, सौंदर्यप्रसाधनांत असतात आणि त्यांतून शरीराची ओळख आधीच झालेली असावी, असे मानले जाते. म्हणून ‘पूर्वी कधी त्रास झाला का?’ या प्रश्नाला नाही असे प्रामाणिक उत्तर देऊनही माणूस सापडतो. आधी सगळ्यांची त्वचाचाचणी करा, ही माझी मागणी नाही. इतक्या क्वचित येणाऱ्या गोष्टीत अशी सरसकट चाचणी भरवशाची ठरत नाही. टेस्ट डोसवर आपल्या लोकांचा फार विश्वास असतो, पण थेंबभर टोचून काही झाले नाही म्हणजे पुढचेही निर्धोक, असे समीकरण रसायनशास्त्रात नाही आणि वैद्यकातही नसावे.

आता हे नाव लिहिले का जात नाही, याबद्दल. मला दोन कारणे दिसतात आणि दोन्हींत दुष्टपणा नाही.

पहिले असे की रंगाला कुणी औषध मानत नाही. तो आजार बरा करत नाही, वाट दाखवतो. औषधे भूलतज्ज्ञ देतात आणि चार्टवर लिहितात. रंग सर्जन टोचतात, आणि त्यांचे लक्ष ग्रंथीवर असते. टोचणारा एक, परिणाम निस्तरणारा दुसरा. मधल्या फटीत नाव पडून जाते. आणि ही फट नुसती कागदावरची नाही. रंग कातडीखाली टोचलेला असतो, तो सावकाश शोषला जातो, म्हणून रिॲक्शनही शिरेतल्या औषधासारखी लगेच न येता बरीच मिनिटे उशिरा येऊ शकते. तोवर संशय भलतीकडे गेलेला असतो. त्यात आणखी एक चकवा आहे. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश किती शोषला जातो यावर आकडा काढते. लाल प्रकाश ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि हे निळे रंग नेमका तिथलाच प्रकाश शोषतात. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन पुरेसा असूनही आकडा खोटा खाली येतो. आता आकडा रंगाने उतरला की श्वासनळ्या आवळल्याने, हे ठरवायचे, तर रंग टोचला किती वाजता, हे भूल देणाऱ्याला ठाऊक नको? सर्जनने टोचताना मोठ्याने सांगावे: ‘पेटंट ब्ल्यू, दोन मिली, दहा वीस.’ भूल देणाऱ्याने ते लिहावे. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जी यादी दिली, ती आपल्याकडे बऱ्याच ओटींच्या भिंतीवर लावलेली असते. ॲलर्जी आहे का, हा प्रश्न तिच्यात आहेच. ‘आज कोणता रंग?’ हा एक प्रश्न हाताने लिहून तिला जोडायला कुणाची मंजुरी लागू नये.

दुसरे कारण भीतीचे. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जबर ॲलर्जी, हा शब्द कार्डावर लिहिला की नातेवाईक वकील गाठतील, असे डॉक्टरांना वाटते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आहे, आणि ओपीडीच्या काचा फुटतानाही आपण पाहिल्या आहेत. ही भीती मी उडवून लावत नाही. पण नीट पाहा. आधी कळण्याजोगी नव्हती अशी ॲलर्जी आली आणि तुम्ही ती ओळखून वेळेत ॲड्रेनॅलिन दिले, यात निष्काळजीपणा कुठे आहे? ती तुमच्या कौशल्याची नोंद आहे. ‘मॅनेज्ड’ या एका शब्दाने तुम्ही तीच पुसून टाकता. आमच्या घरात संशय त्या शब्दाने पेरला. भाचा महिनाभर म्हणत होता, काहीतरी लपवताहेत. फाइल वाचल्यावर त्याच्या लक्षात आले की लपवण्यासारखे काही नव्हतेच, उलट अभिमानाने सांगावे असे होते.

केंद्र सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून तो चालवला जातो. त्याच्या फॉर्मवरच छापलेले आहे की नोंद केली म्हणजे डॉक्टरने किंवा कंपनीने दोष कबूल केला असे होत नाही. रुग्णही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करून कळवू शकतो. आम्ही कळवायला बसलो. ‘संशयित औषधाचे नाव’ या रकान्यापाशी येऊन थांबलो.

थोडे विषयांतर करतो, पण गोव्यात ते करायलाच हवे. बहिणीच्या फाइलमध्ये ॲलर्जीबद्दल एकच गोष्ट आवर्जून विचारलेली सापडली: सी-फूड. सीटी स्कॅनच्या आधी तिथल्या मुलाने तिला विचारले होते, ‘तुमकां नुस्तें चलता?’ पेडण्याच्या बाईला हा प्रश्न! बांगडा, सुंगटे, तिसऱ्या, कुर्ल्या, सगळे चालते, असे तिने सांगितले आणि ती पास झाली. दर वेळी हे विचारले जाते, कारण सीटीच्या डायमध्ये आयोडीन असते, मासळीतही आयोडीन असते, तेव्हा एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. सुंगटे-कुर्ल्यांची ॲलर्जी येते ती त्यांच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. आयोडीनची अशी ॲलर्जी असती तर मिठातल्या आयोडीनने माणूस रोज जेवताना आडवा झाला असता, आणि आयोडीन साठवणाऱ्या आपल्याच थायरॉइड ग्रंथीने त्याला मारले असते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मार्गदर्शिकेतही मासळीच्या ॲलर्जीला वेगळे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते ‘पूर्वी याच डायने त्रास झाला होता का?’ या प्रश्नाला. त्याचे उत्तर मागच्या डिस्चार्ज कार्डावर असायला हवे. आपण मात्र माशांत शोधतो आहोत आणि कार्डावर लिहीत नाही. तिकडे चुकीच्या धाकाने सुंगटे न चालणाऱ्या कितीतरी लोकांचे गरजेचे स्कॅन पुढे ढकलले जात असतील.

रंगांचा विषय स्तनाच्या कर्करोगापुरताही नाही. मूल होत नाही म्हणून दुर्बिणीने गर्भनलिका मोकळ्या आहेत का पाहताना मेथिलिन ब्ल्यू वापरतात. मधुमेह्यांच्या डोळ्यांतल्या पडद्याची तपासणी करताना शिरेतून फ्लुओरेसिन हा रंग देतात. तिथे १,९०० तपासण्यांमागे एक जबर रिॲक्शन, असा अमेरिकेतला १९८६ चा हिशेब आहे. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग नवीन शस्त्रक्रियांत येते आहे. या सगळ्यांना हाच नियम लावा.

रिॲक्शन आलीच तर आणखी एक छोटी गोष्ट, तीही तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहे. ॲलर्जीत पेशींतून सुटणारे ट्रिप्टेझ हे विकर रक्तात वाढले आहे का, हे पाहिले की ॲलर्जीच्या निदानाला मोठा आधार मिळतो. पण त्याचा नमुना तासा-दोन तासांत, फार तर चार तासांत घ्यावा लागतो, आणि तुलनेसाठी दुसरा २४ तास उलटल्यावर. तपासणी मुंबईला पाठवावी लागली तरी चालेल, पण नळी भरून तर ठेवा. बहिणीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली. त्वचाचाचणीला मात्र अजून वाव आहे, फक्त कशाकशाची करायची त्याची पक्की यादी हवी. ती चाचणी साधारणपणे घटनेनंतर चार ते सहा आठवड्यांनी करतात. त्यासाठी गोव्यात एकच दार असावे, आणि ते बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, असावे असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेत सारे राज्य साडेचौदा लाखांचे. एवढ्या लोकसंख्येला अशा ॲलर्जीची आठवड्यातून एक ओपीडी पुरून उरेल. मोठ्या राज्यांना जे जमवायला दहा समित्या लागतील, ते इथे एका परिपत्रकाने होऊ शकते.

संगणकात सगळे येते आहे, कागदाचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. सावंतवाडी-दोडामार्गची माणसे बांबोळीला येतात, आमची माणसे बेळगावला, मणिपालला, मुंबईला टाटात जातात. एका हॉस्पिटलचा संगणक दुसऱ्याशी बोलतो, हे मी तरी अजून पाहिलेले नाही. पर्समधला कागद सीमा ओलांडतो. बेशुद्ध माणसाच्या वतीनेही तो बोलतो.

तर संचालनालयाला विनंती अशी की रंगाचे नाव, मात्रा, वेळ आणि शक्य तर बॅच क्रमांक लिहिण्याचे परिपत्रक काढावे. ते सरकारी आणि खाजगी, दोन्हींकडे लागू व्हावे. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेखाली बिल सादर होते तेव्हा डिस्चार्जचे कागद जोडावेच लागतात. तिथेच हा रकाना तपासला, तर खाजगी हॉस्पिटलांना वेगळी ताकीद द्यावी लागणार नाही, बिलाच्या पैशांहून कडक ताकीद नसते. मेडिकल कौन्सिलला विनंती ही की अशी नोंद करणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी आपण उभे राहू, हे लेखी सांगावे. ते पाठबळ मिळाल्याखेरीज तरुण डॉक्टर तो शब्द लिहायला धजणार नाहीत. आणि संमतीपत्रात रंगाची एक ओळ येऊ द्या, मराठीत आणि कोंकणीत. बहिणीने सही केली तो कागद पूर्ण इंग्रजीत होता. ती सातवी शिकलेली आहे आणि व्यवस्थित वाचते.

रुग्णाच्या हातात द्यायच्या कागदाचा मसुदा खाली देतो. दुरुस्त्या सुचवाव्यात.

‘मला दिनांक ____ रोजी ____ या शस्त्रक्रियेत भुलीखाली असताना जबर ॲलर्जी आली होती. तेव्हा दिसलेली लक्षणे: ____. त्याआधीच्या एका तासात मला दिलेली सर्व द्रव्ये, वेळेसह: प्रतिजैविक ____, भुलीची औषधे ____, स्नायू सैल करणारे औषध ____, रंग ____, त्वचेला लावलेले जंतुनाशक ____. यांपैकी मुख्य संशय ____ वर आहे. चाचणी झाली आहे / झालेली नाही. चाचणी होईपर्यंत यांतले काहीही देण्याआधी कृपया भूलतज्ज्ञांशी बोला. डॉक्टरांचे नाव, सही व नोंदणी क्रमांक ____.’

अर्ध्या पानात बसते. मराठी आणि कोंकणी मजकूर तपासून द्यायला मी आणि हायस्कुलातले माझे दोन जुने सहकारी तयार आहोत, मोबदला नको. इंग्रजी तुम्ही पाहा. बहिणीच्या पित्ताशयाची तारीख अजून ठरलेली नाही. तिच्या पहिल्या हॉस्पिटलने त्या दिवशीच्या बाटलीचे नाव खरेदीच्या नोंदवहीतून शोधून कळवले, तर पहिला भरलेला कागद तिचाच असेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
डिचोली, गोवा